ब्लेनहाइमची सहल : साडेतीन तारे आणि एक राहून गेलेली वारस नोंद

सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं तलाठी होतो. निवृत्त झालो तरी मेलेल्या माणसाचं नाव दिसलं की मागे वारस कोण, हा प्रश्न आपोआप येतो. त्यामुळे हा रिव्ह्यू बागा आणि झुंबरं बघायला जाणाऱ्यांच्या किती कामाचा आहे, सांगता येत नाही. ज्यांना घराण्याची भानगड समजून घ्यायची आहे त्यांनी वाचावा.

लेक स्लाऊला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिनं लंडनहून निघणारी एक दिवसाची बससहल बुक केली : ब्लेनहाइम पॅलेस (मार्लबरोच्या ड्यूकांचा राजवाडा), ब्लेडनच्या चर्चच्या आवारातली विन्स्टन चर्चिलची कबर, आणि संध्याकाळी ऑक्सफर्ड. चौघांचे मिळून पावणेतीनशे पौंड. कंपनीचं नाव देत नाही, कारण ड्रायव्हर सज्जन माणूस होता. आमच्या मंडळींचे गुडघे बघून त्यानं न सांगता पुढची सीट रिकामी करून दिली. बस वेळेवर, स्वच्छ, एसी नीट. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यालाही कोणी हरकत घेतली नाही. इथपर्यंत पाच तारे.

बस हायवेला लागली आणि गाईडनं प्रत्येकाला एक रंगीत पत्रक दिलं. एका बाजूला राजवाड्याचा फोटो, दुसऱ्या बाजूला मार्लबरोच्या ड्यूकांची वंशावळ. (ड्यूक ही इंग्रज सरदारांतली सगळ्यात वरची पदवी.) मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. चष्मा लावला आणि बघतो तर काय, सगळ्यात वर जॉन चर्चिल, पहिला ड्यूक. त्याच्याखाली सरळ रेघ आणि चार्ल्स, तिसरा ड्यूक. दोन नंबर कुठाय? आधी वाटलं छपाईची चूक. मग वाटलं, दुसरा लहानपणीच गेला असेल. पण अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, वारस गेला तरी नोंद होते, नंबर गाळून पुढे जाता येत नाही. गाईडला विचारलं, तर तो म्हणाला की बापानंतर नातू आला, थोडं गुंतागुंतीचं आहे. आणि माईक घेऊन सोन्याच्या संडासाकडे वळला.

त्या संडासाबद्दल सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. मौरित्सिओ कात्तेलान या इटालियन कलाकारानं अठरा कॅरेट सोन्याचं, वापरता येणारं कमोड केलं होतं. ते २०१९ च्या सप्टेंबरात पॅलेसमध्ये प्रदर्शनात ठेवलेलं असताना चोरांनी उपटून नेलं. गाईड यावर दहा मिनिटं बोलला. दुसऱ्या नंबरवर त्यानं एक वाक्य खर्च केलं होतं.

दुसरा नंबर बाईचा आहे. तिचं नाव हेन्रिएटा. लेकीनं फोनवर शोधून दिलं आणि मग मी रस्ताभर तेच वाचत बसलो. जॉन चर्चिल हा राणी ॲनचा सेनापती. डिसेंबर १७०२ मध्ये राणीनं त्याला ड्यूक केलं आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याचा मुलगा केंब्रिजला शिकताना देवीच्या रोगानं गेला. वय सतरा. मागे राहिल्या चार मुली. इंग्लंडात अशी पदवी साधारणपणे मुलाकडून मुलाकडे जाते. पुरुष वारस संपला की पदवी संपली. पुढे १७०४ साली या माणसानं बव्हेरियात ब्लिंडहाइम गावाजवळ फ्रेंचांचा मोठा पराभव केला. (इंग्रजांनी त्या गावाचं ब्लेनहाइम केलं, जसं आपल्या खडकीचं किर्की.) राणीनं वुडस्टॉकची जहागीर दिली, त्यावर राजवाडा बांधून द्यायचं ठरलं आणि १७०६ साली संसदेनं खास कायदा करून ही पदवी मुलींकडे जाऊ शकेल अशी सोय केली. एका घरासाठी एक कायदा! १७२२ साली बाप गेला आणि थोरली हेन्रिएटा स्वतःच्या हक्कानं डचेस झाली. ड्यूकची बायको म्हणून डचेस होणं वेगळं आणि सातबारावर स्वतःचं नाव लागणं वेगळं. अकरा वर्षं तिचं नाव लागलेलं होतं.

आता मी पत्रक छापणाऱ्यावर चिडतोय खरा, पण ऐंशीच्या दशकात चावडीत बसून मी काय करायचो? मयत खातेदाराचे दोन मुलगे अर्ज घेऊन यायचे. बहिणी किती, असं विचारलं की म्हणायचे, त्या दिल्या घरी सुखी आहेत, भाऊसाहेब. मग मुलगे कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावं ‘इतर हक्कात’, पेन्सिलीनं लिहावीत तशी. काही वेळा तीही नाहीत. १९९४ मध्ये आपल्या राज्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला आणि २००५ मध्ये देशभर तसा कायदा झाला. त्यानंतर हक्कसोड पत्रांचा पाऊस पडला, ती वेगळी कथा.

तर हेन्रिएटाबाई गेल्या १७३३ मध्ये. त्यांचा मुलगा दोन वर्षं आधीच गेला होता. मुली होत्या, पण १७०६ च्या कायद्यात बापाच्या मुलींना पदवी, त्यांच्यामागे त्यांच्या मुलग्यांना, अशी वाट आखलेली. म्हणून हेन्रिएटाच्या मुली राहिल्या बाजूला आणि पदवी गेली तिच्या मयत बहिणीच्या, ॲनच्या, मुलाकडे. तो हा चार्ल्स स्पेन्सर, तिसरा ड्यूक. म्हणजे पत्रकातली ती सरळ रेघ एका मावशीच्या आणि एका आईच्या डोक्यावरून गेलेली आहे. चार्ल्सनं ऑलथॉर्पची स्पेन्सरांची मिळकत धाकट्या भावाला, जॉनला सोडली. त्या धाकट्या पातीत पुढे डायना जन्मली. हे सांगितल्यावर आमच्या मंडळींनी पत्रक पहिल्यांदा हातात घेतलं. आईकडून गादी आल्यामुळे या घराचं आडनाव स्पेन्सर झालं होतं. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकनं रीतसर परवानगी घेऊन पुढे चर्चिल जोडलं, तेव्हापासून स्पेन्सर-चर्चिल.

राजवाडा काय सांगावा! जॉन व्हॅनब्रू नावाच्या नाटककारानं आखलेला, आणि दिसतोही तसाच, पडदा वर गेल्यासारखा. पहिल्या ड्यूकची बायको सारा फार कडक. तिचं आणि या व्हॅनब्रूचं इतकं फाटलं की इमारत तयार झाल्यावर तो बघायला आला तर तिनं त्याला आत घेतलं नाही. उत्तरेच्या मोठ्या दरवाज्यासमोर मान वर केली की छताला रंगवलेले डोळे दिसतात. नवव्या ड्यूकच्या दुसऱ्या बायकोचे, ग्लॅडिसचे निळे डोळे १९२८ मध्ये तिथे रंगवून घेतलेले. नात म्हणाली, “आबा, ते आपल्याकडे बघतायत.” मंडळींनी पदर सारखा केला.

आत एक छोटी, साधी खोली आहे, जिथे ३० नोव्हेंबर १८७४ ला विन्स्टन चर्चिल जन्मला. त्याच्या लहानपणी कापलेल्या केसांच्या बटाही जपून ठेवल्यात. सगळी गर्दी तिथेच. पण गर्दीतल्या फारशा लोकांना हे माहीत नसावं की हा गृहस्थ काही काळ ड्यूकच्या पदवीचा वारस होता. त्याचे वडील रँडॉल्फ (१८८५ मध्ये भारतमंत्री होते ते) सातव्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. जानेवारी १८९५ मध्ये ते वारले. नववा ड्यूक, विन्स्टनचा चुलतभाऊ, तेव्हा बिनलग्नाचा. इंग्रजांकडे वारस दोन तऱ्हेचे असतात : एक पक्का, म्हणजे मोठा मुलगा, आणि दुसरा तूर्तचा, ज्याचा हक्क कुणाच्या घरी पाळणा हलला की गेला. विन्स्टन हा तूर्तचा. १८९६ च्या ऑक्टोबरात तो फौजेबरोबर मुंबईला आला आणि ससून डॉकवर नावेतून उतरताना कडी धरायला गेला, लाटेनं नाव खाली गेली आणि खांदा निखळला. आयुष्यभर तो खांदा त्याला त्रास देत राहिला. आपल्या मुंबईत हात दुखावून बसलेला तो एकवीस वर्षांचा पोरगा त्या दिवशी ब्लेनहाइमचा वारस होता. सप्टेंबर १८९७ मध्ये नवव्या ड्यूकला मुलगा झाला आणि विन्स्टनचं नाव कमी झालं. झालं ते त्याच्या पथ्यावर पडलं. ड्यूक झाला असता तर लॉर्डांच्या सभागृहात जाऊन बसावं लागलं असतं आणि कॉमन्सचं, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाचं, दार बंद.

नवव्या ड्यूकच्या त्या मुलाची आई म्हणजे अमेरिकन रेल्वेसम्राटांच्या घरची कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट. तांबड्या दिवाणखान्यात सार्जंट नावाच्या चित्रकारानं १९०५ मध्ये काढलेलं या कुटुंबाचं चित्र आहे. नवरा, बायको, दोन मुलगे, कुत्री. मी तिथे पंधरा मिनिटं उभा होतो. बाई सगळ्यांत उंच आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत बसलेल्या बिनओळखीच्या पाहुण्यासारखा भाव. १८९५ मध्ये लग्न झालं तेव्हा माहेरहून पंचवीस लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर आले. चित्र काढल्यावर पुढच्याच वर्षी दोघं वेगळी झाली.

पैसा लागणारच होता, कारण आधीच्या दोन ड्यूकांनी घर निम्मं विकलं होतं. सातव्या ड्यूकनं रत्नसंग्रह विकला. पुस्तकं विकायची तर ती मिळकतीला बांधलेली, म्हणून १८८० मध्ये संसदेकडून कायदा करून घ्यावा लागला. वर्ग दोनच्या जमिनीला कलेक्टरची परवानगी लागते, तसलाच प्रकार. आठव्यानं चित्रं विकायला काढली. राफाएलचं एकच चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीनं सत्तर हजार पौंडांना घेतलं. आणि एवढ्या जहागिरीचा शेतसारा किती? दर ऑगस्टला, लढाईच्या वाढदिवसाला, फ्रेंच राजाच्या लिलीच्या फुलांचा एक छोटा झेंडा विंडसरला पोचवायचा. बस्स. आमच्याकडे सव्वादोन रुपये थकले तरी नोटीस निघायची.

अजून एक गोष्ट सातारकर म्हणून लिहितो, विषय सोडून वाटली तरी. इंग्रजांच्या या पदव्यांना दत्तक मुलगा आजही चालत नाही, पोटचाच लागतो. हीच फूटपट्टी डलहौसीनं १८४८ मध्ये साताऱ्याला लावली. आप्पासाहेब महाराजांचं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. त्याच डलहौसीला वर्षभरानं मार्क्विस ही ड्यूकच्या खालोखालची पदवी मिळाली. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १८६० मध्ये तो मेला आणि त्याची मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबरच संपली. त्याच्यासाठी संसदेनं कुठला खास कायदा केला नाही. हे मी बसमध्ये जावयाला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, “बाबा, मीटिंगमध्ये आहे.”

तक्रार एवढीच : पॅलेसला तीन तास मिळतील असं कंपनीनं लिहिलं होतं, मिळाले सव्वादोन. उरलेला वेळ भेटवस्तूंच्या दुकानासमोर जमण्यात गेला. मी ते जमणं सोडून नातीला घेऊन मोठ्या पुलावरून पलीकडे विजयस्तंभाकडे निघालो. ढांगा टाकत गेलो तर वीस मिनिटं, वाटेत मेंढ्या. १३४ फुटी खांब, वर रोमन वेषातला पहिला ड्यूक. सारानं नवऱ्यामागे उभा केलेला हा स्तंभ १७३० मध्ये पुरा झाला, म्हणजे हेन्रिएटा डचेस असतानाच. खाली एका बाजूला ड्यूकची स्तुती आणि बाकीच्या बाजूंना चक्क संसदेचे कायदे कोरलेत, कुणाला काय मिळेल त्याचे. मी आयुष्यभर ताम्रपटाच्या, शिलालेखाच्या सनदा ऐकत आलो. कलमं कोरलेला अख्खा फेरफार पहिल्यांदाच पाहिला. अक्षरं बारीक आणि ओळी संपता संपत नाहीत. नात मोठ्यानं वाचायला लागली आणि चौथ्या ओळीला दमली.

जाणाऱ्यांना सांगणं : शक्य असेल तर बससहल सोडा आणि ऑक्सफर्डहून साध्या बसनं वुडस्टॉकला उतरा, म्हणजे दिवस आपला. आत गर्दी जन्मखोलीशी असते तेव्हा तांबडा दिवाणखाना मोकळा सापडतो. गुडघे दुखत असतील तर स्तंभ लांबून बघा. ब्लेडनची कबर साधी आहे, पाच मिनिटं पुरतात. आणि पत्रकावर विसंबू नका.

स्तंभाच्या पायरीशी बसून मी ते पत्रक काढलं. नातीकडे पेन्सिल होती. एक आणि तीनच्या मधली रेघ तिनं खोडली आणि माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेऊन तिथे हेन्रिएटा लिहिलं, बाजूला २ चा आकडा. मग म्हणाली, “झालं?” मी म्हटलं, खाडाखोड केली की शेजारी सही आणि तारीख लागते. तिनं पत्रक पुढे केलं. मी सही करत होतो तेवढ्यात लेकीचा फोन आला, बस सुरू झालीय, पळा.