स्लीव्हनंतर बाळाचा विचार: वर्षाला की दीड वर्षाला?

ज्या पाळीची तीन-तीन महिने वाट बघायचे, ती स्लीव्हच्या ऑपरेशननंतर (वजन उतरावं म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते) चौथ्या महिन्यापासून तारखेला यायला लागली. पीसीओडीवाल्या बायकांना यातला आनंद समजावून सांगायला नको. पण त्याच आठवड्यात आत्यांनी (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) भाजी निवडता निवडता विचारलं, "मग आता कवा?"

डॉक्टरांचं उत्तर होतं, किमान वर्ष, शक्यतो दीड वर्ष. सगळीकडे साधारण हेच सांगतात. बारा ते अठरा महिने, काही जण दोन वर्षंही म्हणतात. पण त्या 'किमान' आणि 'शक्यतो'च्या मधे सहा महिने असतात, आणि आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरात जी काय वादावादी झाली ती त्या सहा महिन्यांवरच. हा आढावाही तेवढ्यापुरताच. मी दीड वर्षाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

वर्षाला सुरुवात करण्याच्या बाजूनं बोलायला घरात माझे मिस्टर होते, आणि त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. मी तेव्हा चौतीसची. पस्तिशीनंतर दिवस राहायला वेळ लागू शकतो, आणि वजन उतरलं म्हणून अंडाशयाचं वय काही उतरत नाही. शिवाय दोनेक वर्षांनंतर बऱ्याच जणांचं वजन थोडं परत चढतं, मग तब्येत जोरात आहे तेव्हाच का नको? तेही खरंच. माझं मन एखाद-दोन वेळा त्यांच्या बाजूला झुकलंही होतं.

दीड वर्षाच्या बाजूचं कारण सगळ्यांना पाठ असतं. पहिल्या वर्षात शरीर उपासमारीच्या हिशोबात चालतं, आणि त्यात बाळाची वाढ मार खाऊ शकते. अशा ऑपरेशननंतर गरोदरपणातला मधुमेह कमी दिसतो आणि फार मोठी बाळंही कमी होतात, पण बाळ लहानखुरं राहण्याची शक्यता मात्र थोडी वाढते. वर्षाच्या आत राहिलं तर किती बिघडतं, यावर अभ्यासांचं एकमत नाही. माझ्यासोबत ऑपरेशन झालेल्या एकीला सातव्या महिन्यातच, न ठरवता दिवस राहिले. घाबरून खाली करण्याचा विचार तिनं केला नाही, आणि डॉक्टरांनीही तसं सुचवलं नाही. तपासण्या आणि सोनोग्राफ्या जास्त झाल्या, मुलगी चांगली आहे. म्हणजे लवकर राहिलं तर आभाळ कोसळत नाही. पण ठरवायची संधी आपल्या हातात असेल तर प्रश्न वेगळा.

माझं ठरलं ते यातल्या कशावरूनही नाही. माझं ठरलं लोहाच्या गोळीवरून.

हसू नका. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना घड्याळाचा हा जाच माहीत आहे. लोहाची गोळी उपाशीपोटी, शक्यतो लिंबूपाण्यासोबत. तिच्या आगेमागे तासभर चहा नाही. कॅल्शियमची आणि तिची गाठ पडू द्यायची नाही, मधे दोन तास हवेत. कॅल्शियमही एकदम घेऊन चालत नाही, शरीर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आसपासच पचवतं, म्हणून दोन-तीनदा विभागून. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. आणि जेवण तरी कसलं, अर्धी वाटी, दिवसातून पाच वेळा, त्यात साठ ग्रॅम प्रथिनं बसवायची. आता हे सगळं कोल्हापुरातल्या घरात करून दाखवा! सकाळी उठल्या उठल्या चहा, अकराला शेजारच्या काकू आल्या की चहा, चारला परत चहा, आणि "नको" म्हटलं की समोरच्याला वाटतं हिला काहीतरी लागलं. वर आत्यांची माया. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणायच्या, अशक्त झालीस म्हणून, आणि नेमकी माझी लोहाची वेळ साधून पेला पुढे करायच्या. दुधात कॅल्शियम, म्हणजे ती गोळी गेली वाया. (कच्चं दूध गरोदरपणात तर नकोच. उकळलेलं घ्या, आणि गोळीपासून लांब घ्या.)

मी महिनाभर वही ठेवली. लोहाची गोळी खऱ्या अर्थानं, म्हणजे सगळे नियम पाळून, आठवड्यातून तीनदा पोटात जात होती. बाकी चार दिवस कुठला ना कुठला चहा आडवा यायचा.

बाराव्या महिन्यात फेरिटिन आलं नऊ. हिमोग्लोबिन साडेदहा, ते फार वाईट दिसत नव्हतं, म्हणून मिस्टर म्हणाले चालतंय की. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रिपोर्ट हातात घेतला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, एवढं मी सांगितल्यावर चष्मा वर करून म्हणाले, "साठा नऊ? हा तर मृतसाठा झाला. ह्याच्यावर आवर्तन सोडतंय का कोण?"

त्या वाक्यानंतर घरात कोणी तारखेवर वाद घातला नाही.

कारण मला खरी भीती पुढच्याची होती. अर्धी वाटी खाणाऱ्या बाईला तिसऱ्या महिन्यातल्या उलट्या लागल्या की ते घड्याळ कोलमडणारच. तेव्हा जे काही पुरवायचं ते आधीच्या साठ्यातून. साठाच नसेल तर बाळ माझ्याच अंगातून ओढून घेणार आणि मी कण्हत बसणार. (एक सांगून ठेवते. अशा ऑपरेशननंतर उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. सलाईन लावायच्या आधी आपलं हे ऑपरेशन झालंय असं सांगा, म्हणजे ग्लुकोजच्या आधी बी-१ देतील.)

मग गोळीचा नाद सोडून शिरेतून लोह घेतलं, बी-१२ची इंजेक्शनं पूर्ण केली, ड जीवनसत्त्व वर आणलं. सतराव्या महिन्यात फेरिटिन चाळिशीच्या वर होतं आणि वजन तीन महिने ७६वर ठाण मांडून बसलं होतं. वर्षाला ते ८१ होतं आणि अजून घसरत होतं, हाही फरकच. तेव्हा कॉपर-टी काढली.

कॉपर-टीचं आधी सांगायला हवं होतं. थांबायचं म्हणजे नुसतं थांबून होत नाही. वजन उतरताना दिवस राहणं उलट सोपं होतं, वर्षानुवर्षं राहत नव्हते म्हणून निर्धास्त राहिलेल्या बायका इथेच फसतात. ज्यांचा बायपास झालाय (हृदयाचा नव्हे, वजनासाठीच जठर लहान करून अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवतात तो) त्यांनी तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, त्या नीट शोषल्या जातील याची खात्री नसते. बायपासवाल्यांसाठी माझं पारडं थांबण्याकडे आणखीच झुकतं, कारण लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा भागच वळवलेला असतो. शिवाय त्यांना गरोदरपणी पोटात जोराची कळ आली तर ती ॲसिडिटी म्हणून घरी काढू नये, आतडं आत अडकण्याचा धोका असतो.

मी अडतीस-एकोणचाळीसची असते तर? तर बहुतेक मिस्टरांचं ऐकलं असतं. माझ्या इचलकरंजीच्या नणंदेनं एकोणचाळिसाव्या वर्षी तेच केलं. ऑपरेशननंतर नवव्या महिन्यातच शिरेतून लोह घेऊन साठा भरला आणि वर्षाला सुरुवात केली. तिचं मला चुकलं असं वाटत नाही. मात्र तिनंही कॅलेंडर नाही, रिपोर्ट बघून ठरवलं.

दिवस राहिले एकोणिसाव्या महिन्यात. फॉलिक ॲसिड आधीपासून चालू होतं, आणि अ जीवनसत्त्वाची गोळी बदलून बीटा कॅरोटीनवाली घेतली, कारण आधीच्या गोळीतलं रेटिनॉल जास्त झालं तर बाळाला बरं नसतं. साखरेच्या तपासणीला लॅबमध्ये पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचा पेला पुढे केला. त्या पोटात तो एका दमात गेला असता तर घाम, धडधड आणि उलटी होण्याची भीती. मी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, म्हणून आठवडाभर घरीच ग्लुकोमीटरनं जेवणाआधी आणि नंतर साखर बघितली.

उलट्या आठव्या आठवड्यात लागल्याच. सहा आठवडे लोहाची गोळी पोटात टिकली नाही. पाचव्या महिन्यातल्या रिपोर्टमध्ये फेरिटिन एकवीसवर आलं होतं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "उतरलंय, पण पाणी हाय." मिस्टरांच्या मोबाईलवर दुपारी तीनचा गजर अजून वाजतो. त्यावर नाव आहे 'लोखंड, चहा नको'.