निकालाच्या दिवशी टीव्ही बंद, साडेसहाशेचा रेडिओ चालू : माझा रिव्ह्यू

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, तसंही खोक्यावर एक नाव होतं आणि आतल्या वॉरंटीच्या कागदावर दुसरंच. ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजूला एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतला, ६५० रुपये, दोन पेन्सिल सेलवर चालतो, एएम आणि एफएम, बास. दुकानदार ब्लूटूथवाले, पेनड्राइव्हवाले, टॉर्चवाले असेच काढून दाखवत होते. मी म्हटलं काका फक्त बातम्या ऐकायच्यात, तर म्हणाले मग मोबाईलवर ऐका ना. आता त्यांना काय सांगणार, मोबाईलपासूनच तर लांब राहायचंय.

झालं असं होतं की ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाला, आमच्या नेरूळच्या घरात सकाळी सातपासून टीव्ही लागला तो रात्री अकराला बंद झाला. मोजणी सुरू होते आठला, त्यात पहिला अर्धा तास पोस्टल मतं, ईव्हीएम उघडतात त्यानंतर, पण आठ वाजून पाच मिनिटांनी चॅनेलवर आघाडीचे आकडे पळायला लागलेसुद्धा. त्यात १ जूनच्या एक्झिट पोलमुळे सगळ्यांनी मनात साडेतीनशेच्या पुढचा आकडा धरलेला आणि प्रत्यक्षात एनडीए थांबली २९३ वर, म्हणजे दिवसभर स्टुडिओत आरडाओरडा, आमच्या हॉलमध्ये त्याहून जास्त. शेजारच्या मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर ४८ मतांवर निकाल लागला, तेव्हा सासरे उभे राहून टीव्ही बघत होते. संध्याकाळी बीपी मोजलं आणि मशीन खोटं बोलतंय म्हणून तीनदा परत मोजलं. आमटीला फोडणी दिली होती की नाही हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून विधानसभेच्या वेळी मी ठरवलंच होतं काहीतरी करायचं. आयडिया मिळाली ऑफिसमध्ये. आमचे क्लायंट अमेरिकेतले, ६ नोव्हेंबरला तिकडची मोजणी आली, त्यांची ती इलेक्शन नाईट म्हणजे आपल्याकडे बुधवारचा अख्खा दिवस, पहिली मतदान केंद्रं बंद होतात तेव्हा इथे पहाटेचे साडेचार. निम्मी टीम स्क्रीनच्या कोपऱ्यात नकाशा लावून बसलेली, एक मुलगा मात्र म्हणाला मी दुपारी चहाला उठेन तेव्हा एकदाच बघणार. आणि खरंच, चारच्या सुमारास ट्रम्प जिंकल्याचं जाहीर झालं, तेव्हा हा पठ्ठ्या ताजातवाना आणि बाकीचे डोळे चोळतायत. मला तेवढंच हवं होतं. निकाल पाहिजे, कव्हरेज नको.

आता रेडिओकडे येते. दिसायला साधा, काळा, वीट असते तेवढा. आवाज मोठा आहे, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना हॉलमधून ऐकू येतो. डायल मात्र अंदाजपंचे, १००.७ चं एफएम गोल्ड काट्यावर १०२ च्या पुढे सापडतं, एकदा सापडलं की मी मार्करने रेघ मारून ठेवली. एएमवर ५५८ ची अस्मिता वाहिनी पकडायला खरी मेहनत. स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये एएम आधीच कमी येतं, त्यात एलईडी ट्यूब लावली की खरखर, चार्जर लावला की वेगळी खरखर, लिफ्ट वर गेली की अजून तिसरी. उपाय असा की एएमला ती बाहेरची दांडी ओढून काही उपयोग नसतो, आतमध्ये एक काळी कांडी असते ती सिग्नल पकडते, म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. आमच्याकडे बाल्कनीच्या ग्रिलशी तिरका ठेवला की स्वच्छ येतं. हे मला सासऱ्यांनी शिकवलं बरं का, यूट्यूबने नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी उठून मी एक पाप केलं, सेट टॉप बॉक्सच्या रिमोटमधले दोन्ही सेल काढून रेडिओत घातले, नशिबाने मापही तेच. पावणेआठला हाक आलीच, "अगं, रिमोट चालत नाहीये." मी म्हटलं बाबा सेल संपले असतील, आणते नंतर, तोपर्यंत हा लावा. त्यांनी रेडिओ हातात घेतला, उलटा केला, मागचं झाकण उघडलं, सेल बघितले, माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. झाकण लावलं आणि बाल्कनीत जाऊन बसले.

आणि मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. बातम्या लागायच्या, संपायच्या, मध्ये गाणी, आणि त्या मधल्या वेळात माणूस पेपर वाचत होता, झाडांना पाणी घालत होता, चक्क शेंगा सोलून दिल्या. मला सांगत होते की कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणी दोन-दोन दिवस चालायची आणि दूरदर्शन मध्येमध्ये पिक्चर दाखवायचं, लोक निकालापेक्षा त्यासाठीच बसायचे. दुपारी दीडच्या मराठी बातम्यांना महायुती दोनशेच्या पुढे हे कळलं, दहा मिनिटांत विषय संपला, आम्ही जेवायला बसलो. फोडणी नीट पडली होती. शेवटचे आकडे सगळ्यांना माहितीच आहेत, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१.

पण. आमचा मतदारसंघ बेलापूर. मंदा म्हात्रे विरुद्ध संदीप नाईक, आणि रेडिओवर २८८ मतदारसंघांच्या राज्यात दहा मिनिटांत बेलापूर कुठून येणार, त्यांची काही चूक नाही त्यात. जेवण झाल्यावर सासऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी मीच मोबाईल काढला आणि निवडणूक आयोगाची निकालाची साइट उघडली. ती एकदम कोरडी, नाव, पक्ष, मतं, कितवी फेरी. फेरी म्हणजे साधारण १४ टेबलं आणि प्रत्येकावर एका बूथचं मशीन, ते झालं की पुढची चौदा. अधिकाऱ्याने फेरीचे आकडे भरले की मगच साइटवर चढतात, त्यामुळे चॅनेलच्या मागे असते, पण चढलेला आकडा मोजून झालेल्या मतांचा असतो. मला आवडली. सासऱ्यांना मात्र दोन फेऱ्यांमधला वेळ सोसेना, "जरा खाली जाऊन येतो" म्हणाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे टीव्हीसमोर जाऊन बसले, ते चपला न घालताच. परत आले ते दारातूनच ओरडत, "तीनशे सत्त्याहत्तर! फक्त!" मंदा म्हात्रे ३७७ मतांनी आल्या. आमच्या कॉम्प्लेक्सच्या दोन बिल्डिंगांत तेवढे मतदार निघतील.

तर राज्याचं, देशाचं कळायला हा रेडिओ पुरेसा आहे, डोकं शांत राहतं. तुमच्या वॉर्डात, तुमच्या मतदारसंघात काट्याची टक्कर असेल तर मात्र साइट उघडी ठेवा नाहीतर शेजारी चांगले ठेवा. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा डायलसाठी कापला, एक अँटेनासाठी, ती दुसऱ्याच आठवड्यात मुळातून हलायला लागली, सध्या रबर बँड लावून उभी केलीय. दुकानात दाखवायला नेणार होते पण रेडिओ घरात सापडेल तर ना, रोज सकाळी सासऱ्यांबरोबर गार्डनमध्ये जातो. रिमोटचे सेल मी दुसऱ्या दिवशी नवीन आणले, ते पण परवा गायब होते.