गॅस गिझर चांगला आहे, पण तो न्हाणीघराबाहेर बसवावा: ६ लिटर गिझरचा दोन वर्षांचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागातील आमचे घर जुन्या पद्धतीचे, लांबट आणि दोन्ही बाजूंनी शेजारच्या भिंतींना चिकटलेले आहे, त्यामुळे न्हाणीला वारा मिळतो तो केवळ परड्याच्या बाजूने. दोन वर्षांपूर्वी आम्ही तांब्याचा बंब काढून ६ लिटरचा, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, गॅस गिझर घेतला. उपकरणाबद्दल तक्रार नाही. नळ सोडताच ते पेटते, काही क्षणांत कढत पाणी येते, वीज गेली तरी अडत नाही, आणि पाच माणसांच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे दोन महिने पुरतो. टाकी गच्चीवर असल्याने पाण्याचा दाबही पुरेसा मिळतो. मात्र हा गिझर कुठे बसवला आहे आणि त्याला हवा किती मिळते, यावर त्याचा चांगुलपणा अवलंबून आहे, हे आम्हाला उशिरा समजले.

ज्या दुकानातून तो घेतला, त्यांच्या माणसाने तो न्हाणीच्या आतल्या भिंतीवर बसवला आणि झरोका उघडा ठेवा, एवढेही सांगितले नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिरपा पाऊस आत येऊ नये म्हणून आम्ही झरोक्याला प्लास्टिकचा कागद लावला. सकाळच्या अंघोळी एकापाठोपाठ होत आणि सर्वांत शेवटी आत्या जात. बाहेर आल्यावर त्यांचे डोके जड होऊ लागले, मळमळू लागले. पित्त असेल असे समजून आम्ही त्यांना कोकमाचे सरबत देत राहिलो. चौथ्या दिवशी त्या कडी काढता काढताच दाराशी खाली बसल्या. त्यांना उचलताना माझे लक्ष गिझरच्या काचेकडे गेले: एरवी निळी आणि स्थिर असणारी ज्वाला पिवळी होऊन लवलवत होती. परड्यात मोकळ्या हवेत आणल्यावर त्यांना हळूहळू बरे वाटले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो "गिझर न्हाणीच्या आत आहे का?" हाच.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ६ लिटरचा गिझर सलग दहा मिनिटे चालला की साधारण दीडशे ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे पावणेदोन घनमीटरच्या आसपास हवेतला प्राणवायू संपतो. आमची न्हाणी ५ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे आतली सगळी हवा जेमतेम साडेचार घनमीटर. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळताना तोही जळून जातो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरते. पहिल्या माणसाला काही न होता शेवटच्याला त्रास का झाला, याचा उलगडा मला तेव्हा झाला. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबायचा आणि आपण दार उघडायचो.

त्यानंतर टिळकवाडीतील एका फिटरला बोलावले. त्यांनी आत एकदा पाहिले आणि म्हणाले, "काका, आत ठेवायचा असेल तर मी हात लावणार नाही. बाहेर घेणार असाल तर उद्या येतो." एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल का, असे मी विचारले. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता आतली हवा ओढत राहतो आणि गिझरला धुराडे असेल तर त्यातून जाणारा वायूही उलट न्हाणीत येऊ शकतो, असे त्यांनी समजावले. कामाच्या दर्जासाठी आणि या स्पष्टपणासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

आता गिझर परड्याच्या भिंतीवर आहे. वर पत्र्याचा आडोसा असून तीन बाजू मोकळ्या आहेत, आणि गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या (सीपीव्हीसी) पाइपने फक्त गरम पाणी आत येते. पाइप लांबल्यामुळे सुरुवातीचे थोडे पाणी गार येते, ते बादलीत धरून भांड्यांना वापरतो. न्हाणीच्या दाराला खालच्या बाजूस जाळी बसवली आणि झरोकाही उघडा केला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून परड्यातील सिलिंडरजवळही खालून मोकळी जागा ठेवली आहे.

नवीन घेणाऱ्यांनी आयएस १५५५८ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा आणि प्राणवायू कमी होताच गॅस बंद करणारा सेन्सर असलेले मॉडेल निवडावे; पण त्या सेन्सरच्या भरवशावर गिझर बंद खोलीत मुळीच बसवू नये. कुणाला त्रास झालाच, तर आधी दार-खिडक्या उघडून माणसाला बाहेर काढावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. अंघोळीनंतर घेरी येणे म्हणजे अशक्तपणा, असे समजून बसण्यात आमचे चार दिवस गेले.

एक गैरसोय मात्र उरली आहे. पश्चिमेचा जोराचा वारा सुटला की ज्वाला विझते आणि अर्धी अंघोळ झाली असताना नळ बंद करून पुन्हा सोडावा लागतो. वाऱ्याकडची बाजू झाकावी असे घरात एकदा निघाले होते, पण आत्यांनीच नको म्हटले. त्या अजूनही कडी लावत नाहीत, दार नुसते लोटून घेतात.