हरभऱ्याच्या ओलितात वाचलेलं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', साडेचार स्टार

आमच्या घाटंजीकडं (यवतमाळ जिल्हा) शेतीची लाईन रात्रीची, म्हणून हे पुस्तक मी हरभऱ्याले स्प्रिंकलर लावून, धुऱ्यावर बसून किंडलवर वाचलं. इंग्रजी जुनं आहे पण शब्दावर बोट दाबून ठेवलं की अर्थ येते, तेवढ्यावर निभलं. सुरुवात लय हळू, अन् गाणे तर मी सरळ सोडूनच दिले बाप्पा.

बोंडअळीनं कापूस गेला तेव्हापासून बाबानं शेगावची पायी वारी बंद केली, दिवा आई लावते, बाबा देवघराकडं पाहत बी नाही. मले वाटलं जादूच्या पुस्तकात देव येऊन सगळं नीट करत असन. तर इथं कुठं एक मंदिर नाही! लिहिणारा टॉल्किन स्वतः पक्का कॅथलिक, 1916 मधे सोमच्या लढाईत राहून आलेला, अन् पुस्तकात पूजा म्हणाल तर फरामिर नावाच्या सरदाराचे माणसं जेवायच्या आधी पश्चिमेकडं तोंड करून घडीभर उगेच उभे राहतात, बस.

सगळ्यात भारी वाटला तो डेनेथॉर. गोंडोर राज्याचा राजा नाही, कारभारी. त्याच्यापाशी दूरचं दिसणारा गोटा आहे, गोटा खोटं दाखवत नाही पण शत्रू त्याले वाईट तेवढंच पाहू देते. काळ्या शिडाचे जहाजं येताना दिसले, ते खरंच येऊन राहिले होते, पण त्यात बसून आपल्याच बाजूचा अ‍ॅरागॉर्न, गादीचा खरा वारस, येते हे काही दिसलं नाही, अन् यानं स्वतःले जाळून घेतलं. इथं मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. आमच्या भागात हे वाचणं सोपं नाही. अन् मोबाईलवरचे ते भाव पडल्याचे मेसेज, ते बी कुठं खोटे असतात?

मग शत्रूच्या मुलखात, मॉर्डरात, त्याची जादूची अंगठी आगीत टाकाले निघालेला फ्रोडो झोपलेला अन् त्याचा सोबती सॅमले ढगाच्या फटीतून एक चांदणी दिसते. ती काही मदतीले येत नाही, फक्त याच्या ध्यानात येते की हा अंधार तिच्यापर्यंत पोचतच नाही, अन् गडी पहारा सोडून निवांत झोपून जाते. त्या रात्री माह्ये पाइप बदलाचे राहून गेले.

शेवटी फ्रोडो हरतेच, अंगठी टाकत नाही, त्या अंगठीसाठी पिसाळलेला गॉलम त्याचं बोट तोडते अन् अंगठी घेऊन आगीत पडते म्हणून काम होते. मित्र म्हणे हे तर नशीब. पण गॉलमले मारायची संधी आधी अंगठी ज्याच्यापाशी होती त्या बिल्बोनं, फ्रोडोनं, अन् शेवटी सॅमनं बी सोडली होती, ते कुठं गेलं मग?

अर्धा स्टार नावांसाठी कापला, एकेकाचे चार-चार नावं. बाबाले डेनेथॉरची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणे, "तो गोटा घरात ठेवलाच काहून त्यानं?"