लेदर सीटची चीर, दोन दुरुस्त्या आणि नागपूरचे दोन उन्हाळे

चालकाच्या सीटची दाराकडची कड फाटली, तेव्हा गाडीला सहा वर्षे झाली होती. चढता-उतरताना अंगाचा भार त्याच कडेवर घासत जातो, त्यात धंतोलीत गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की त्या सीटला हात लावणे कठीण होते. अधिकृत सेवा केंद्राने तेवढाच भाग बदलण्यास नकार दिला आणि संपूर्ण आवरणासाठी ३१,००० रुपये सांगितले. चार बोटांच्या चिरेसाठी एवढी रक्कम मोजणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही.

म्हणून मागच्या वर्षी मार्चमध्ये सदरमधील एका दुकानात २,८०० रुपयांत भराव आणि रंगाचे काम करून घेतले. चिरेखाली कापडाचे अस्तर चिकटवले, वर लवचीक भराव, मग रंग आणि शेवटी संरक्षक थर. मेअखेरीस सुरू होणारा, कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपाही निभावला, म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला हीच दुरुस्ती सुचवत होतो. दिवाळीच्या सुमारास मात्र भराव त्याच रेषेत तडकला आणि आठवडाभरात सोलपटू लागला. आता माझे मत बदलले आहे, पण पूर्णपणे नाही: पाठीकडच्या बारीक भेगांवर त्याच दिवशी दिलेला रंग अजून शाबूत आहे. भराव वाईट नव्हता; सतत दुमडणाऱ्या कडेवर तो टिकणार नव्हता, आणि हे दुकानदाराने आधीच सांगायला हवे होते.

त्यानंतर एका दुकानात ४,५०० रुपयांचे तयार कव्हर घेण्याचा आग्रह झाला. आमच्या गाडीत साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत आहे, आणि ती फुगताना तिथली शिवण उसवून वाट मोकळी व्हावी अशी तिची रचना असते. त्यावर सरसकट कव्हर चढवले तर ती वाटच अडते. मी कडेवरची एअरबॅगची पट्टी दाखवली, तरी ‘काही होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. माझी आई रोज याच गाडीतून दवाखान्यात जाते. ज्या दुकानदाराला हा प्रश्नच महत्त्वाचा वाटत नाही, त्याच्याकडे कितीही स्वस्त पडले तरी सीट देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जानेवारीत गांधीबागेतील एका कारागिराने ६,५०० रुपयांत फक्त बैठकीच्या कडेचा तुकडा बदलला. त्याने आधी बॅटरीची तार काढली, काही मिनिटे थांबून मगच सीटखालचा एअरबॅगच्या तारांचा पिवळा कनेक्टर सोडवला, आणि पाठीच्या शिवणीला हात लावला नाही. जुन्या तुकड्याचे टाके ब्लेडने एकेक करून उसवले, तोच तुकडा फर्मा म्हणून नव्या लेदरवर ठेवून कडेने खूण केली आणि दबलेल्या फोमखाली पातळ थर दिला. दोरा पॉलिस्टरचा वापरला. उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतो, हे त्याने न विचारता सांगितले.

नवा तुकडा शेजारच्या लेदरपेक्षा किंचित गडद दिसतो आणि सकाळच्या उन्हात तो फरक मला खटकतो. तरी यंदाचा मे संपत आला असताना एकही टाका सैल झालेला नाही. शेजारच्या सीटची कड आता पांढरी पडू लागली आहे. उरलेला हातभर लेदरचा तुकडा मी त्याच दिवशी मागून घेतला होता. पावसाळ्याआधी तो घेऊन पुन्हा गांधीबागेत जाणार आहे.