‘क्लॅप व्हेन यू लँड’: काही महिने जवळ बाळगल्यानंतर

एलिझाबेथ असेवेडोची ही कादंबरी पावसाळ्यात घेतली, आता उन्हाळा लागलाय. मधल्या काळात एकदा सलग वाचली, एकदा ऐकली, आणि नंतर मनात येईल तेव्हा कुठूनही उघडून चार पानं वाचत आले. पुस्तक मिटल्या मिटल्या पाच तारे ठोकून देणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून मुद्दाम उशिरा लिहितेय.

कथा थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर सोसुआ नावाचं पर्यटकांचं गाव आहे. तिथे कामिनो राहते. आई डेंग्यूने गेलेली, सांभाळ केला तो टिया सोलानाने (स्पॅनिशमध्ये टिया म्हणजे मावशी किंवा आत्या). ही टिया झाडपाल्याची औषधं देणारी, बाळंतपणं करणारी, गावात मान असलेली बाई. कामिनोचे वडील न्यूयॉर्कला कामाला, दर उन्हाळ्यात घरी येतात. यंदाही ती त्यांना आणायला विमानतळावर जाते, तर तिथे माणसं रडत उभी. विमान कोसळलंय. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये याहायराला शाळेच्या ऑफिसात बोलावणं येतं. तिचेही वडील त्याच विमानात होते. म्हणजे तेच. दोन घरं, दोन मुली, बाप एक, आणि मुलींना एकमेकींचा पत्ता नाही.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच क्वीन्समधल्या बेल हार्बर वस्तीवर कोसळलं. विमानातले सगळे २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. बहुतेक डॉमिनिकन, सुट्टीला किंवा नातेवाइकांना भेटायला निघालेले. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला दोनच महिने झालेले, त्यामुळे आधी घातपाताचा संशय आला. तो फिटला तशी बातमीही मागे पडली. असेवेडो स्वतः डॉमिनिकन आईबापांची, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली, तेव्हा शाळकरी वयाची. कादंबरीतला अपघात तिने आजच्या काळात आणलाय, पण ज्या समाजात प्रत्येकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी त्या विमानात असतं, तो समाज तिने जवळून पाहिलेला आहे हे पानोपानी कळतं. नावातली टाळीही तिथलीच: विमान मायभूमीवर टेकलं की प्रवासी टाळ्या वाजवतात.

आता मुख्य मुद्दा. चारशेच्या वर पानं, आणि सगळी मुक्तछंदात. आख्यानकाव्य आपल्याला नवं नाही, रघुनाथ पंडितांचं नलदमयंती आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण तिथे वृत्ताची लय वाचणाऱ्याला धरून ठेवते, इथे तसलं काही नाही. सुरुवातीला वाटलं, साधं गद्यच ओळी तोडून छापलंय की काय. बापाच्या बातमीनंतरची पानं आली तेव्हा ही शंका मिटली. दुःखात असलेलं माणूस सलग बोलत नाही. एक वाक्य सुरू करतं, गप्प बसतं, मग भलतंच काहीतरी बोलतं. याहायराच्या कवितांत हे फार नेमकं आलंय. ही मुलगी बुद्धिबळाच्या स्पर्धा जिंकणारी, बापाची लाडकी. पण बापाचं गुपित तिच्या हाती आधीच लागलेलं असतं. तेव्हापासून तिने खेळ सोडलेला, त्यांच्याशी बोलणं टाकलेलं. आणि आता तो माणूसच नाही. रडायचं की भांडायचं, आणि भांडायचं तर कुणाशी?

मला हे पुस्तक आवडलं ते याचसाठी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही शिस्त आपल्याकडे तेराव्यापर्यंत काटेकोर पाळतात आणि पुढे जन्मभर. इथेही नऊ दिवसांची प्रार्थना आहे (नोव्हेना म्हटलं की गोव्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको), फोटो आणि मेणबत्त्या आहेत. पण त्या फोटोसमोर बसूनही मुली मनात हिशेब मागतात. हिशेब अगदी पैशांचासुद्धा. कामिनोच्या चांगल्या शाळेची फी बापाच्या डॉलरमधून जायची, ते आता बंद. डॉक्टर व्हायचंय तिला. तिकडे विमान कंपनी नुकसानभरपाईचं बोलतेय, ती कुणाला मिळणार? शोकाच्या पुस्तकात पैशाचा विषय इतका उघडपणे निघालेला मी क्वचितच पाहिलाय, आणि खऱ्या घरात तर तो दुसऱ्या दिवशीच निघतो. रत्नागिरी-खेडकडच्या ज्या घरांतले पुरुष वर्षानुवर्षं आखातात आहेत, तिथल्या वाचकाला कामिनोचं वाट पाहणं समजावून सांगावं लागणार नाही.

जसजसे महिने गेले तसे दोषही दिसू लागले. कामिनोच्या मागे लागलेला एल सेरो हा दलाल पहिल्या वाचनात अंगावर येतो, दुसऱ्यांदा मात्र तो कथानक पुढे ढकलण्यापुरताच उरतो. सोसुआतलं पर्यटनाच्या आडून चालणारं देहविक्रीचं वास्तव खरं आहे, त्याला एवढा एकच चेहरा अपुरा वाटतो. याहायराची मैत्रीण-प्रेयसी ड्रे जरा जास्तच समजूतदार आहे, सतरा वर्षांची कुणी इतकी शहाणी असते का? आणि शेवटची पन्नासेक पानं घाईत उरकलीत. बापाला लेखिकेने थोडं स्वस्तात सोडलं, असंही माझं मत होत चाललंय. माझ्या भाचीला हे अजिबात मान्य नाही. “मावशी, त्या मुलींनी सोडलंय त्याला, लेखिकेने नाही,” असं ती म्हणते. वाद चालू आहे.

कोणत्या रूपात घ्यावं? फोनवर ई-बुक वाचू नका. अक्षर जरा मोठं केलं की ओळी भलतीकडे मोडतात आणि कवितेचा जीव जातो. छापील प्रतच घ्या. ऑडिओबुक लेखिका स्वतः आणि मेलानिया-लुईसा मार्ते अशा दोघींनी वाचलंय. छापील पानावर दोन्ही मुलींचे आवाज मधूनमधून एकसारखे वाटतात, ती अडचण ऐकताना राहत नाही. वेग वाढवून मात्र ऐकू नका. स्पॅनिश शब्द येत राहतात, बहुतेक संदर्भाने लागतात, मी तरी शब्दकोश फारसा उघडला नाही.

वयाचं म्हणाल तर चौदा-पंधराच्या पुढे. लोकलमध्ये झालेल्या छळाचा आणि पाठलागाचा भाग आहे, तो मुलीला एकटीने वाचायला देण्याआधी आपण चाळलेला बरा. असेवेडोच्या ‘द पोएट एक्स’ या आधीच्या, कवितेतच लिहिलेल्या कादंबरीला २०१८ चं नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी कार्नेगी पदक मिळालं, त्यामुळे बरेच जण तिथून सुरुवात करायला सांगतात. कविता म्हणून ते सरस आहेच. पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल आणि त्या माणसाशी तुमचं धड जमत नसेल, तर आधी हे घ्या.