क्लोबेटासॉल ऑइंटमेंट, वर्षभराच्या वापरानंतर: ट्यूब घेताना नावापुढचं अक्षर वाचा

मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात माझं चांगलंच वाजलं, आणि त्याच रागात हे लिहायला बसले आहे. मला लायकेन स्क्लेरोसस हा योनीमुखाच्या त्वचेचा आजार आहे, आणि क्लोबेटासॉल हे त्यावर लावायचं स्टिरॉइड. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, ऑइंटमेंट, ३० ग्रॅम. काउंटरवरच्या मुलाने खोकं पुढे सरकवलं. ब्रँड तोच, रंग तोच, ऑइंटमेंटही लिहिलेलं. फक्त नावाच्या शेवटी बारीकसा ‘एस’ होता. तो एस म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. कोपर-गुडघ्यावरच्या सोरायसिसची, तळव्यांची जाड झालेली कातडी निघून यावी म्हणून ते घालतात. योनीमुखाच्या आधीच पातळ झालेल्या, भेगा पडलेल्या त्वचेवर ते लागलं असतं तर काय झालं असतं, या विचारानेच अंगावर काटा येतो. मी खोकं परत केलं तर म्हणाला, “काकू, एकच आहे हो. उलट जास्त पॉवरचं आहे.”

एकच नाही. अजिबात एकच नाही. या एका गोष्टीवर मी बरंच लिहिणार आहे, कारण औषध उत्तम असूनही बाईच्या हातात भलतंच पडण्याची जागा हीच आहे.

ज्यांना लायकेन स्क्लेरोसस आहे त्यांना आजाराची ओळख करून द्यायला नको. पाळी गेल्यानंतर सुरू झालेली खाज, रात्री अंथरुणावर पडल्यावर वाढणारी, लघवी कातडीला लागली की होणारी आग, शौचाच्या वेळी चिरणारी कातडी, पांढरे पडत गेलेले चट्टे. बहुतेकींप्रमाणे मलाही आधी बुरशीचा संसर्ग म्हणूनच औषधं मिळत राहिली. फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या झाल्या, साखर तपासून झाली, ‘स्वच्छता ठेवा’ हा सल्लाही मिळाला आणि त्यापायी अँटिसेप्टिकच्या पाण्याने धुणंही झालं. शेवटी सांगलीहून मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी नीट उजेडात बघितलं, योनीमुखाचे आतले ओठ आक्रसून बाजूला चिकटत चालले आहेत हे आरसा देऊन मलाही दाखवलं, आणि छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. हा संसर्ग नाही, नवऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उठते तसा हा प्रकार आहे, हे त्यांनी सांगितलं. थायरॉइडची तपासणीही करायला लावली, कारण अशा बायकांमध्ये थायरॉइडचा त्रास जास्त आढळतो. इतक्या वर्षांत ‘तुमची काही चूक नाही’ असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

आता औषधाबद्दल. महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना एकाआड एक रात्र, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच पद्धत आहे. प्रमाण अर्ध्या ग्रॅमच्या आतलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि इथे त्याहून जास्त कधीच लागत नाही. हिशेब मांडून बघा: पहिल्या महिन्यात २८ वेळा, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ८, म्हणजे ५० वेळा लावणं. अर्ध्या ग्रॅमने २५ ग्रॅम. एक ट्यूब तीन महिने पुरून वर थोडी उरते. साडीला फॉल-बिडिंग करून आणायला जितके पैसे जातात साधारण तेवढ्यातच ही ट्यूब येते. मी पैशाला घट्ट बाई आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि इतक्या कमी पैशात इतका फरक पडलेलं दुसरं औषध मला आठवत नाही. त्याआधी ‘इंटिमेट वॉश’च्या सुगंधी बाटल्यांवर गेलेला पैसा आठवला की जीव जळतो.

सुरुवातीला मात्र मनात धास्ती होती. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे काय येतं? गोरं होण्यासाठी स्टिरॉइडचं क्रीम चोळून चेहरा लालभडक झालेल्या मुली. माझ्या नात्यात एकीचं असं झालं आहे. त्यात खोक्यातली घडी उघडली तर आत लिहिलेलं: दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये, जांघेत लावू नये. हे वाचल्यावर कोणती बाई तीन महिने बेधडक लावेल? मी कागद घेऊन सरळ मॅडमकडे गेले. त्यांनी समजावलं की तो इशारा सगळ्या आजारांसाठी सरसकट छापलेला असतो. या आजारात हेच पहिल्या पसंतीचं औषध आहे, पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या प्रमाणात आणि त्यांच्या नजरेखाली. मांड्यांच्या आतल्या बाजूला पसरू द्यायचं नाही. तिथली निरोगी कातडी खरंच पातळ होऊ शकते.

पहिला महिना संपता संपता रात्रीची खाज गेली. मी रात्रभर सलग झोपले. हे वाक्य ज्यांना साधं वाटेल त्यांनी हा आजार भोगलेला नाही.

आता पुन्हा ट्यूबकडे. क्लोबेटासॉल क्रीममध्येही मिळतं आणि ऑइंटमेंटमध्येही. औषध तेच, टक्केवारी तीच, पण ज्यात कालवलेलं असतं ते वेगळं. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून ते टिकवायला क्लोरोक्रेसॉलसारखी द्रव्यं लागतात. फुटलेल्या कातडीला ती झोंबतात आणि काहींना त्यांचीच ॲलर्जी येते. ऑइंटमेंट म्हणजे बहुतांशी पांढरं पॅराफिन: चिकट, तेलकट, कपड्याला डाग पाडणारं, पण त्वचेवर टिकून राहणारं आणि न झोंबणारं. दुकानात क्रीम ढिगाने, साधं ऑइंटमेंट मात्र मागवावं लागतं. एकदा मिस्टर चिठ्ठी घेऊन गेले तर त्यांना न विचारता क्रीम बांधून दिलं. त्या रात्री लावल्याबरोबर जी आग सुरू झाली ती गार पाण्याच्या घड्या ठेवूनही लवकर थांबेना.

आणि ही नावापुढची अक्षरं! एस म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. एम असेल तर बहुधा मायकोनॅझोल, म्हणजे बुरशीचं औषध. जी किंवा एन असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन असली अँटिबायोटिकं. काही ट्यूबमध्ये तर स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि दोन अँटिबायोटिकं असा चौघांचा मेळ. गजकर्णावर अशा खिचडी ट्यूबा चोळून चोळून देशभर गजकर्ण हट्टी होऊन बसलंय, हे कोणतेही त्वचेचे डॉक्टर सांगतील. २०१८ साली केंद्र सरकारने बाहेरून लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की आजही हात त्याच कप्प्याकडे जातो. आणि बायका खालच्या त्रासाबद्दल दुकानात मोठ्याने बोलू शकत नाहीत, मागे माणसं उभी असतात, म्हणून जे देतील ते पदराआड घेऊन निघतात. मला खरा राग याचा आहे. कंपन्यांनी साधं आणि ॲसिडवालं औषध एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या खोक्यात का घालावं? निदान रंग तरी वेगळा द्या, मराठीत एक ओळ तरी छापा.

मी आता खोकं हातात आलं की पुढचं मोठं नाव वाचतच नाही. खोकं उलटं करून घटक वाचते. तिथे क्लोबेटासॉल प्रोपिओनेट हे एकच औषध हवं आणि ऑइंटमेंट हवं. दुसरं काहीही असेल तर परत. मॅडमना सांगून चिठ्ठीवर ‘साधं, दुसरं औषध न मिसळलेलं’ असं मुद्दाम लिहून घेतलं आहे. ज्यांना बोलायची लाज वाटते त्यांनी चिठ्ठी पुढे करून त्या ओळीवर बोट ठेवावं, तेवढं पुरतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधे गौरी-गणपती आले, लिखाण राहून गेलं. आता वाचताना दिसतंय की पेट्रोलियम जेलीवर अन्याय झाला आहे, तिचं नावच आलं नाही. सुरुवातीला मला ती किरकोळ वाटायची, चिकचिक नुसती. सणाच्या धावपळीत, उकाड्यात, दिवसभर उभं राहून, पाठोपाठ स्कूटरवर हेलपाटे घालून माझा त्रास उसळला नाही तो तिच्यामुळे, असं माझं ठाम मत झालं आहे. स्टिरॉइड आता आठवड्यातून दोनदाच असतं. बाकी रोजचा भार जेलीच उचलते. बिनवासाची, साधी, किराणा दुकानात मिळणारी. लघवीला जाण्याआधी पातळ थर लावला की आग होत नाही, कारण लघवी थेट कातडीला लागत नाही. अंघोळीनंतर टॉवेलने न घासता टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच लावायची. स्टिरॉइडच्या रात्री दोन्हींमध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. साबण तिथे पूर्ण बंद, नुसतं पाणी. वास असलेले पॅड आणि ओले वाइप्स बंद. आतले कपडे सुती, सैल, आणि धुताना एक पाणी जास्त.

दोन गोष्टी स्वयंपाकघरातल्या. पॅराफिन कपड्यात मुरलं की तो कपडा लवकर पेट घेतो, आणि धुतल्यावरही ते पूर्ण जात नाही. गॅससमोर, निरांजनाजवळ वावरणाऱ्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. जेलीचा हात पदराला, गाऊनला पुसू नये. दुसरं, ठेच्याच्या मिरच्या हाताळल्या असतील तर त्या दिवशी औषध लावण्याआधी हात तेल चोळून, मग साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने मिरची जात नाही.

औषधाने काय होत नाही तेही सांगते. चिकटलेले ओठ सुटे झाले नाहीत, काही ठिकाणचा पांढरेपणा तसाच आहे. जे आक्रसून गेलं ते मलमाने परत येत नाही, पुढचं आक्रसणं थांबतं. म्हणूनच लवकर दाखवणं महत्त्वाचं. नवरा-बायकोच्या संबंधात दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्यावर उपाय असतात, सोसत बसू नये.

खाज गेली की ट्यूब कपाटात ढकलायची इच्छा होते, विशेषतः माझ्यासारख्या काटकसरी बाईला. मॅडमनी तेव्हा एक अभ्यास सांगितला, तो मी जपून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या ५०७ बायकांवर लक्ष ठेवून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सांगितल्याप्रमाणे नियमित औषध लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही योनीमुखाचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था आढळली नाही. अनियमित लावणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना आढळली. धोका तसा थोड्याच जणींना असतो, पण तो आपल्या हाताने कमी करता येतो. म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री माझ्या कॅलेंडरवर खुणा केलेल्या आहेत, महिन्यातून एकदा आरसा घेऊन बघणं आहे, आणि मिरजेची तपासणी ठरलेली आहे. न भरणारी जखम, गाठ, जाड होत चाललेला एखादा भाग, मलम लावूनही न जाणारी खाज, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जायचं.

ओळखीतल्या एकीने हे ऐकल्यावर आपल्या सात वर्षांच्या मुलीबद्दल विचारलं. सतत खाजवते, जंताचं औषध देऊन झालं, शी करताना रडते आणि दाबून ठेवते. हा आजार पाळी येण्याआधीच्या लहान मुलींनाही होतो, हे तिला माहीतच नव्हतं. ‘घाण सवय लागली’ म्हणून त्या पोरीला घरात ओरडा बसत होता. मी तिला माझी ट्यूब दिली नाही. डॉक्टरांचा पत्ता दिला, आणि चिठ्ठी मिळाली की दुकानात माझ्याबरोबर चल म्हणाले.